उसनी ओळ

माझ्या दारावर 'लेखन व संपादन' अशी पाटी आहे. तीनच शब्द, पण त्यांत काय काय मावतं ते मला विचारा. कपडे धुण्याच्या मशिनबरोबर येणारी पुस्तिका मी लिहिली आहे. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकेचं निरोपाचं भाषण लिहिलं आहे. दातांच्या डॉक्टरांसाठी मुलांनी वाचून पळून जाऊ नये असं पत्रक लिहिलं आहे, आणि एका प्राध्यापकांचा सहाशे पानांचा ग्रंथ त्यांना न दुखवता तीनशे पानांवर आणला आहे. एकदा एका गृहस्थांनी बायकोची माफी मागणारं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. दोन दिवसांनी त्याच बायकोने त्याचं उत्तरही माझ्याकडूनच लिहून घेतलं. दोन्ही पत्रं चांगली उतरली. संसार सुरू आहे, देवाची कृपा.

माझी थोरली बहीण याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. ती म्हणते, "साऱ्या जगाची पत्रं लिहितेस आणि मला वाढदिवसाला मोबाइलवर नुसता अंगठा पाठवतेस!" दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून बोललं की संध्याकाळी आपलं तोंड उघडावंसं वाटत नाही.

आता माझ्या कामातली एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीतून झालं.

माणसं आपलं आयुष्य सांगायला बसतात तेव्हा त्यात भोकं असतात. शाळेचा पहिला दिवस आठवत नाही, वडिलांचा आवाज आठवत नाही. तिथे मोकळी जागा सोडली की माझी लेखणी अडते. गाता गाता मधली ओळ विसरलेला गाणारा चाल सोडत नाही, काहीतरी म्हणत पुढे जातो, तसं मी करते. त्या जागी तात्पुरतं माझ्या आयुष्यातलं काहीतरी घालते, हिरव्या अक्षरात. याला मी उसनी ओळ म्हणते. कुठली आठवण कुणाच्या पुस्तकात घातली ते एका वहीत लिहून ठेवते. त्या माणसाला स्वतःचं काही आठवलं, की हिरवी ओळ काढायची आणि वहीतली नोंद खोडायची. हिरवं अक्षर घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हा नियम.

मागल्या वर्षी कुलूपवाले काका आले. म्हणजे मीच त्यांच्याकडे गेले, कारण त्यांचे गुडघे कामातून गेले होते. दोन गल्ल्या पलीकडे, त्यांच्या जुन्या दुकानावरच्या खोलीत ते एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. भिंतीवर खिळ्यांना जुनी कुलपं टांगलेली, माणसांच्या फोटोंसारखी ओळीने. लेक दूर देशी असते, तिच्यासाठी त्यांना आपलं आयुष्य पुस्तकात मांडून हवं होतं.

सांगायला बसले की काका रंगात यायचे. आतून कडी लावून भांडणारी नवराबायको, तिजोरीत स्वतःलाच कोंडून घेतलेला कारकून, सगळं सांगून झालं. मग मी विचारलं, "आईबद्दल काय लिहू?"

"काही नाही."

"काही म्हणजे अगदी काहीच नाही?"

"बाई, मी दोन वर्षांचा असताना ती गेली. मी अनाथाश्रमात वाढलो. चेहरा नाही, आवाज नाही, वास नाही." त्यांनी समोरच्या कुलपांकडे पाहिलं. "लोकांची हजारो दारं उघडली मी. तिथे मात्र भिंतच आहे हो. कुलूप असतं तर बघितलं असतं."

त्या प्रकरणात आईच्या जागी भोक पडलं. घरी येऊन मी तिथे माझी एक आठवण घातली, हिरव्या अक्षरात. काय लिहिलं ते फाइलमधून जसंच्या तसं उतरवून देते. मनाने का सांगत नाही, ते कळेलच.

'आई चादरींच्या घड्या घालायला मला हाक मारायची. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चादर झटकली की साबणाचा ओला वास तोंडावर यायचा. मग ती हळूच गायची:

तू त्या टोकी, मी ह्या टोकी, मधे उभा देव,
घडीघडीने ये रे जवळ, कपाळ इथे ठेव.

एका घडीला एक पाऊल, असं करत आम्ही मधोमध भेटायचो, आणि ती आपलं कपाळ माझ्या कपाळाला टेकवायची.'

पुस्तक पुरं झालं. फाइल पाठवायच्या दिवशी सकाळीच छापखानेवाल्यांचा फोन आला. "बाई, मागच्यासारखं रंगीबेरंगी पाठवू नका हं. आमचं मशिन रुसतं."

"तुमचं मशिन कशाने रुसत नाही ते सांगा," मी म्हटलं, "म्हणजे तेवढंच लिहीन."

लाल शंका आणि निळ्या टिपा मी आधीच काढल्या होत्या. तरी कुठे रंगाचा ठिपका राहायला नको म्हणून सगळा मजकूर एकदम निवडला आणि काळा केला. एक क्षण लागला. हिरवी ओळ काळ्यात काळी होऊन बसली, आणि तशीच फाइल छापखान्यात गेली. तिथून कच्ची छपाई वाचून सही करण्यासाठी काकांकडे गेली. पक्की छपाई शुक्रवारी होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ताईने गच्चीवरून हाक मारली. चादरी वाळल्या होत्या.

"धर गं, बटण."

लहानपणी मी फ्रॉकचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून घरात मी बटण. मी दोन टोकं धरली, ताईने दोन. चादर ताणून ती तशीच उभी राहिली.

"म्हण की."

"काय म्हणू?"

"ते तुझं आणि आईचं गाणं. घडी घालताना दोघी कपाळाला कपाळ लावून काय ते गुणगुणायचात. मला मेलीला कधी घेतलं नाहीत. मी जिन्यात रुसून बसायचे."

"कुठलं गाणं?"

ताई हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचं हसू विरलं. "बटण, सकाळी सकाळी चेष्टा नको हं."

मी चेष्टा करत नव्हते. आई मला आठवत होती. तिचा दोरी बांधलेला चष्मा, तिच्या औषधांच्या वेळा, ती गेली तो दिवस. पण ताई जिथे बोट दाखवत होती, तिथे काही नव्हतं. विसरलेल्या गोष्टीला निदान कडा असते, जिभेवर आल्यासारखं वाटतं. इथे कडासुद्धा नव्हती.

घरी येऊन वही उघडली. पानंच्या पानं खोडलेल्या नोंदी. शेवटची खोडलेली नव्हती: 'आई, चादर, गाणं, कपाळ – कुलूपवाले काका.' अक्षर माझं. फाइल उघडून मी ती ओळ वाचली. वाक्यं चांगली होती. पण कुणाच्या आईबद्दल होती ते मला कळेना. परक्याचं लिखाण तपासायला आल्यासारखी मी ती वाचत होते, आणि सवयीने 'हळूच'च्या जागी दुसरा शब्द बरा दिसेल का असाही विचार करत होते.

मागे पानं चाळली. न खोडलेली आणखी एक नोंद सापडली, तीन वर्षांपूर्वीची: 'बाबांची जिन्यातली शिट्टी – नर्सबाई.' मला आठवलं, त्यांचंही पुस्तक मीच लिहिलं होतं आणि ती ओळ त्यांना आवडली होती. "असू दे हो, छान वाटतंय," त्या म्हणाल्या होत्या, आणि मी भिडेखातर राहू दिली होती.

मी ताईला फोन लावला. "बाबा शिट्टी वाजवायचे का गं?"

"रोज! जिन्यात शिट्टी ऐकली की आपण दाराकडे धावायचो. तू तर दोनदा पडली होतीस. का?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. तीन वर्षं झाली, माझ्यातून काहीतरी गेलं होतं आणि मला साधी चाहूल लागली नव्हती.

देवाचं नाव घेतलं आणि फाइलमधली ती ओळ निवडून खोडली.

आधी वास आला. साबणाचा, ओल्या कापडाचा. मग कपाळावर थंडगार काहीतरी टेकलं, आणि छातीत कुठेतरी एक चाल उठली, तिचा पहिला सूर लागतोय न लागतोय तोच फोन वाजला.

"बाई," कुलूपवाले काका होते. धाप लागली होती. "बाई, काहीतरी गेलं हो. आत्ता होतं. मी कागद हातात घेऊन बसलोय, अक्षरं दिसतायत, पण... आत्ता इथे कोणीतरी होतं. कोण होतं हो?"

माझं बोट आपसूक खोडलेलं परत आणणाऱ्या कळेवर गेलं. ओळ पडद्यावर परत आली. वास गेला. कपाळ कोरडं झालं.

पलीकडे काकांनी मोठा श्वास सोडला. "नाही, नाही. आहे. आली परत. म्हातारपण झालं, दुसरं काय. तुम्हाला उगीच त्रास दिला."

आता काही शंका उरली नव्हती. आठवण एक होती आणि माणसं दोन. फाइल माझ्या हातात होती, काकांना न विचारता मी ओळ काढू शकत होते. पण माझा दुसरा एक नियम आहे: पुस्तक ज्याचं, त्याला सांगितल्याशिवाय त्यातली ओळ काढायची नाही. पंचवीस वर्षं पाळलेला तो नियम मघाशी घाईत मोडला होता, परत मोडायचा नव्हता. पर्समध्ये पेन्सिल टाकली आणि दुपारी काकांकडे निघाले. रस्ताभर वाक्य घोकत होते: 'काका, ती ओळ चुकून राहिली. ती माझी आहे. मला परत द्या.'

दार उघडंच होतं. काका खाटेवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी घडी केलेल्या चादरींची चळत होती. सात चादरी. एकट्या माणसाने घातलेली चादरीची घडी लगेच ओळखू येते. चादर हनुवटीखाली धरावी लागते, मधे चुणी पडते, एखादं टोक बाहेर लोंबतं. या सातही घड्या टोकाला टोक लावून घातलेल्या होत्या. दोन माणसांनी ताणून धरल्याशिवाय तशा घड्या होत नाहीत.

"मदतीला कोणी ठेवलंय का, काका?"

"छे."

"मग या घड्या?"

त्यांनी चळतीवर हात ठेवला. लाजल्यासारखे दिसले. "रोज दुपारी घालतो. परत मोडतो, परत घालतो. दुसरं टोक धरलेलं असतं, बाई."

"कुणी?"

हे काय विचारणं झालं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईने."

खोलीत खिडकी बंद होती. भिंतीवरच्या कुलपांपैकी एक मात्र आपल्या खिळ्यावर बारीक हेलकावत होतं.

"तुमचे कागद वाचले," काका सांगू लागले, "आणि त्या पानावर आलो. किल्ली फिरल्यासारखा आवाज झाला हो, इथे, कानात. कधी कुठल्या कुलपाचा इतका गोड आवाज ऐकला नाही. पण एक विचारू? हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं तर सांगणार कुठून? तुम्हाला कसं कळलं?" त्यांचा आवाज खाली आला. "ते खरं आहे ना? नाहीतर आत्ताच सांगा. मला फसवून घेऊन मरायचं नाही."

पेन्सिल माझ्या बोटांत होती. तोंडात वाक्यही तयार होतं.

"थांबा," तेच म्हणाले. "आधी हे धरा. मग सांगा."

भिंतीला धरून ते उठले. चळतीतली वरची चादर मोडून त्यांनी दोन टोकं माझ्या हातात दिली. गुडघे दुखत होते ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण चादर झटकली ती एखाद्या पोरासारखी. साबणाचा वास माझ्या तोंडावर आला. नुसता साबणाचा वास, बाकी काही नाही.

ते गाऊ लागले. आवाज घोगरा, पण सुराला पक्का.

"तू त्या टोकी, मी ह्या टोकी, मधे उभा देव..."

मी पहिल्यांदाच ऐकत होते. चाल साधी होती, शेवटाला जरा वर जाऊन परत खाली येणारी. एक पाऊल ते पुढे आले, एक मी. घडीवर घडी पडत गेली. मधोमध आलो तेव्हा मी नकळत कपाळ पुढे केलं.

काका थांबले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला, कुणी उभं असेल अशा उंचीवर त्यांची नजर होती, आणि ऐकताना मान कलती होते तशी मान कलली होती.

"काय झालं, काका?"

"ती विचारतेय," ते हळू आवाजात म्हणाले, "ही बाई कोण? म्हणते, पाहुण्यांना कशाला कामाला लावलंस?"

माझ्या पाठीमागून हवा हलल्यासारखी झाली. आमच्या दोघांच्या हातांत धरलेल्या चादरीवर एक चुणी होती. त्या चुणीवरून कुणी तळवा फिरवावा तशी ती माझ्या बाजूने काकांच्या बाजूला सरकत गेली आणि नाहीशी झाली. माझे दोन्ही हात टोकांवर होते. त्यांचेही.

ती मला ओळखत नव्हती. माझी आई, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि मी तिला परकी बाई होते. पेन्सिलीची एक रेघ ओढली असती तर तिने मला ओळखलं असतं. आणि हे काका, आयुष्यात एकदाच किल्ली फिरल्याचा आवाज ऐकलेले, परत त्या भिंतीसमोर उभे राहिले असते. भिंतीपलीकडे काय होतं ते ठाऊक असून.

मी डोळे मिटले. देवा, म्हटलं, मला चाळीस वर्षं आई होती. दोरीचा चष्मा आहे, औषधं आहेत, शेवटचा दिवससुद्धा आहे. यांच्याकडे एवढंच आहे. ओळ माझी खरी, पण मला ती कुणी दिली होती? तूच ना? मग तू दिलेलं पुढे द्यायला माझा हात का आखडतोय?

हात आखडत होता, खोटं कशाला सांगू. डोळे उघडायला वेळ लागला.

"तिला काय सांगू?" काका विचारत होते.

"सांगा, शेजारच्या आहेत. लिहायचं काम करतात."

त्यांनी तसं सांगितलं. मग क्षणभर ऐकलं आणि हसले. "म्हणते, बसा म्हणावं."

"आणि ते?" त्यांनी परत विचारलं. "खरं आहे ना?"

"खरं आहे, काका. शब्द न् शब्द खरा आहे. तुमच्या पुस्तकात त्याच्याइतकं खरं दुसरं काही नाही."

मला कसं कळलं, हे त्यांनी परत विचारलं नाही. मीच पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि पेन काढून दिलं. चादरींच्या चळतीवर कागद टेकवून त्यांनी सही केली. मी जिना उतरत होते तेव्हा वर परत गाणं सुरू झालं. एकच आवाज होता, पण मधे मधे तो थांबत होता, दुसऱ्याच्या ओळीसाठी जागा सोडावी तसा.

घरी येऊन वहीतली ती नोंद मी खोडली नाही. खाली एवढंच लिहिलं: 'दिली.' आणि नर्सबाईंच्या नोंदीखालीही तेच लिहिलं.

शुक्रवारी पुस्तक छापलं गेलं. मशिन रुसलं नाही.

शनिवारी सकाळी ताईला म्हटलं, चल, चादरी काढू. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आज स्वतःहून? तब्येत बरी आहे ना?"

"एक गाणं शिकलेय. तुला शिकवते."

गच्चीवर ऊन होतं. तिने दोन टोकं धरली, मी दोन. मी काकांच्या चालीत म्हणायला लागले, 'रे'च्या जागी 'गं' घालून. दुसऱ्या ओळीला ताईच्या हातातली चादर सैल पडली.

"बटण! हेच! हेच म्हणायचात तुम्ही."

"असेल," मी म्हटलं. "मला ते एका काकांच्या आईचं म्हणून माहीत आहे."

पन्नास वर्षं जिन्यात रुसून बसलेली पोर पुढे आली आणि तिने आपलं कपाळ माझ्या कपाळावर धाडकन आपटलं. "अगं हळू!" मी ओरडले. दोघी हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग दुसरी चादर घेतली, मोठी, दोघांच्या पलंगाची. ती ताणून धरली आणि गाणं परत सुरू केलं. या वेळी ताईही म्हणू लागली, बेसूर, पण मनापासून. मधेच तिने नाक पुसायला हातातलं एक टोक सोडलं.

ते टोक खाली पडलं नाही.

ताईने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वारा नव्हता. दोरीवरची बाकीची कापडं सरळ लोंबत होती. ते एक टोक मात्र खांद्याच्या उंचीवर, ताणलेलं, वाट पाहत होतं.

मी गाणं थांबवलं नाही. एक पाऊल पुढे टाकलं.